लेकराच्या तोंडाचा वास

(गोरेगाव, जि. हिंगोली येथे माता-पालकांपुढे दिलेले भाषण)



आया मला हळूच विचारतात, "ताई, लेकराच्या तोंडाला वास येतो, काय करू?" यात लाजण्यासारखं काही नाही. बहुतेक वेळा कारण साधंच असतं. दुधाचा थर जिभेवर साचतो. सर्दीनं नाक चोंदलं की बाळ तोंडानं श्वास घेतं, तोंड कोरडं पडतं आणि वास येतो. म्हणून दात नसले तरी रोज ओल्या, स्वच्छ, मऊ फडक्यानं हिरड्या आणि जीभ पुसा. पहिला दात दिसला की सकाळी आणि झोपताना मऊ ब्रश फिरवा.

दुसरं कारण साखर. बाळ शांत झोपावं म्हणून आपण साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवतो. ते दूध रात्रभर दातांवर राहतं आणि पुढचे दात किडतात. चोखणीला मधही लावू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध धोक्याचा आहे. हिरड्या शिवशिवतात म्हणून मिसरी तर नकोच. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू.

आता तीन खुणा नीट लक्षात ठेवा.

एक, एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल, तर आत हरभरा किंवा मणी अडकलेला असू शकतो. घरी काडी घालून काढू नका, डॉक्टरांकडे न्या.

दोन, तोंडात पुसून न जाणारे पांढरे चट्टे असतील, ताप असेल किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर आरोग्य केंद्रात दाखवा.

तीन, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, सारखी तहान, सारखी लघवी, वजन घटणं, धाप लागणं. हा मधुमेह असू शकतो, तान्ह्या लेकरालाही होतो. त्याच घटकेला दवाखाना गाठा. उद्यावर टाकलं तर जीव जाऊ शकतो.

२०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत येऊन लेकरं मोफत तपासतं, दातही बघतं. अंगणवाडीताईंकडून तारीख विचारून ठेवा आणि त्या दिवशी लेकराला शेतावर नेऊ नका.

मंडळीतल्या जाणत्यांना एवढंच सांगते: रात्री एखादी आई दार ठोठावेल, तेव्हा तिला गाडी द्या आणि सोबत जा.