तापीकाठची पांढर



लिंबायतमधली आपली बहुतेक घरं धुळे, नंदुरबार, जळगावकडून आलेली. कुणी लूमवर कामाला आलं, कुणी साडीच्या मार्केटात. मुलं विचारतात, "आपण गुजरातमध्ये कधीपासून?" आपण सांगतो, आजोबा आले तेव्हापासून. उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे. त्याचा जुना भाग प्रकाशाच्या मातीत आहे. म्हणून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही काही कुटुंबं उधन्याहून गाडीने नंदुरबारला आणि तिथून प्रकाशाला गेलो.

प्रकाशा आपल्याकडे दक्षिण काशी. तापी-गोमाईचा संगम, केदारेश्वराचं देऊळ. बॅरेजमुळे पावसाळ्यानंतर तापीमाय तिथे तळ्यासारखी पसरलेली दिसते. दर्शन झालं की बहुतेक जण परततात. आम्ही काठावरची पांढर बघायला थांबलो.

पांढर हा शब्द आपल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक आहे. पिकते ती काळी, गाव वसतं ती पांढरी. एकाच जागी पिढ्यानपिढ्या मातीच्या भिंती पडतात, चुलीची राख साचते, त्यावर पुन्हा घरं उभी राहतात. जमीन उंच होत जाते, माती पांढुरकी होते. लांबून बघाल तर नुसतं टेकाड.

या टेकाडात १९५५ साली पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केलं. सगळ्यात खालची वस्ती साधारण ३७०० वर्षांपूर्वीची निघाली. दगडाची पाती आणि थोडं तांबं वापरणारी ती माणसं. त्यांची खापरं आधी माळव्याच्या धाटणीची. त्यानंतरच्या थरात संगमनेरजवळच्या जोर्व्याच्या धाटणीची खापरं आली, आणि त्यांच्यासोबत चकचकीत तांबडी खापरंही. ही तांबडी खापरं सौराष्ट्रात रंगपूरला सापडतात. म्हणजे खानदेश आणि गुजरात यांचा संबंध आपल्या आजोबांच्या आधी तीन हजार वर्षांपासूनचा आहे. पुढे ती वस्ती उठली, जागा काही काळ ओसाड राहिली आणि मग लोखंड वापरणारे लोक तिथेच येऊन राहिले. गाव सोडावं लागणं आणि नव्याने संसार मांडणं आपल्याला काही नवीन नाही. म्हणून ही गोष्ट आम्हाला परकी वाटली नाही.

काळजीची गोष्ट वेगळी आहे. पांढरीची माती शेताला खत म्हणून चांगली, धाब्यावर पसरायलाही चांगली. आपल्याकडे गावोगावी ती गाड्या भरभरून नेली गेली. गरज होती, कुणाला दोष देऊ नये. पण पूर्वी बैलगाडी होती, आता जेसीबी आहे. जे साचायला हजारो वर्षं लागली ते एका दिवसात उचललं जातं.

हे इथेच घडतं असं नाही. अमेरिकेत आर्कान्सा राज्यात एका तळ्याकाठी तिथल्या मूळ रहिवाशांनी बांधलेली मातीची १८ टेकाडं होती. बरीचशी नांगराखाली सपाट झाली. उरलेली एका उद्यानात जपली आहेत. त्या जागेला मेक्सिकोतल्या टोल्टेक लोकांचं नाव चुकून पडलं होतं. २०२२ मध्ये ते बदलून प्लम बायू ठेवलं. माती वाचवली आणि ती कुणाची हेही नीट सांगितलं.

आपल्याला एवढंच करता येईल. सुट्टीत गावी जाताना मुलांना प्रकाशाला न्या. सापडलेलं खापर खिशात घालू नका, ते जिथे आहे तिथेच बोलतं. आणि आपल्या गावच्या पांढरीवर मशीन दिसलं, तर भाऊबंदांना आणि सरपंचांना फोन करा. शहरातल्या माणसाचा शब्द गावात ऐकला जातो.

शाडूची मूर्ती पाण्यात विरघळते, पुढच्या वर्षी बाप्पा पुन्हा येतो. पांढर एकदा गेली की येत नाही.

गणपती बाप्पा मोरया!