संकटकाळीं पाण्याचा पुरवठा

शहरांतील मनुष्य सकाळीं उठतो, नळाची चावी फिरवितो आणि पाणी येतें. हें पाणी कोठून येतें, तें वर कोण चढवितो, त्यासाठीं किती माणसें रात्रभर जागीं असतात, याचा विचार करण्याचें त्यास सहसा कारण पडत नाहीं. कारण पडतें तें संकटाच्या दिवशीं. पूर असो, भूकंप असो कीं अवर्षण असो, पहिल्या घटकेस लोक जीव वांचवितात. दुसऱ्या दिवशीं त्यांस पाणी, दिवा व दवाखाना हीं लागतात. या सेवा जेथें टिकतात तेथें संकट आटोक्यांत राहतें. जेथें त्या मोडतात तेथें एका संकटाच्या पोटीं दुसरें जन्मास येतें. महाराष्ट्रांतील तीन प्रसंगांवरून ही गोष्ट श्रोत्यांच्या ध्यानीं येईल.

पहिला प्रसंग पुण्याचा. १२ जुलै १९६१ रोजीं सकाळीं आंबी नदीवरील पानशेतचें धरण फुटलें. बांध खचूं लागला तेव्हां सैन्याच्या जवानांनीं भर पावसांत पोत्यांवर पोतीं रचून तो तोलून धरला होता. त्यांच्या श्रमानें धरण वांचलें नाहीं. परंतु लोंढा रात्रीच्या काळोखांत न येतां दिवसाउजेडीं आला, आणि त्यामुळें पुष्कळांस जीव घेऊन पळतां आलें. तो लोंढा खाली खडकवासल्याच्या जुन्या धरणावर आदळला व तेंहि फुटलें. पुणें शहरास पिण्याचें पाणी मिळे तें याच खडकवासल्याहून. म्हणजे ज्या पाण्यानें घरें बुडविलीं, त्याच पाण्यानें शहराचे नळहि कोरडे केले. पूर ओसरला, पण तहान मागें राहिली; आणि नळ आल्यावर निरुपयोगी ठरलेल्या वाड्यावाड्यांतील आडविहिरींची शहरास पुन्हां आठवण झाली.

दुसरा प्रसंग कोल्हापूरचा. ऑगस्ट २०१९ मध्यें पंचगंगेस महापूर आला. शहराभोंवतीं जिकडे तिकडे पाणी, आणि घरांतील नळास मात्र थेंब नाहीं, अशी विपरीत अवस्था झाली; कारण नदीचें पाणी उपसून शहराकडे धाडणारीं केंद्रेंच पुरांत बुडालीं. पुण्याहून बंगळूरकडे जाणारा हमरस्ता पाण्याखालीं गेल्यामुळें दूध व इंधन यांचीहि टंचाई पडली. पुढें जुलै २०२१ मध्यें पूर आला तेव्हां नळांच्या बाबतींत तोच अनुभव फिरून आला.

पंप नदीकांठीं बसवितात तें हौसेनें नव्हे. साधा पंप पाणी ओढतो तें हवेच्या दाबाच्या बळावर. आणि हवेचा दाब पाण्यास सुमारे ३३ फुटांहून अधिक उंच चढवूं शकत नाहीं. व्यवहारांत तर ही मर्यादा त्याहूनहि बरीच कमी भरते. म्हणून असा पंप पाण्याच्या जवळ ठेवावा लागतो, आणि जो पाण्याजवळ तो पुरांत आधीं बुडतो. यास उपाय आहे. लांब उभ्या दांड्याचा पंप घेतल्यास फिरणारें चाक पाण्यांत व विजेचें यंत्र उंच मजल्यावर ठेवतां येतें. विजेचीं बटनें, तारांच्या पेट्या व रोहित्र हींहि पूररेषेच्या वर नेतां येतात. यास पैसा लागतो खरा. परंतु बुडालेलीं यंत्रें बाहेर काढून, वाळवून, दुरुस्त होईपर्यंत सबंध शहरास टँकरनें पाणी पाजण्यास कांहीं थोडा पैसा लागत नाहीं.

तिसरा प्रसंग याच्या अगदीं उलट, म्हणजे दुष्काळाचा. २०१६ च्या उन्हाळ्यांत लातूर शहरास पाणी पुरविणारें मांजरा धरण आटलें. पाणी भरण्याच्या जागीं तंटे होऊं नयेत म्हणून तेथें जमाव करण्यास बंदी घालण्याची पाळी अधिकाऱ्यांवर आली. तेव्हां मिरजेहून कृष्णेचें पाणी आगगाडीनें आणण्याचें ठरलें. राजस्थानांतील कोटा येथें टाक्यांचे डबे आंतून स्वच्छ करण्यांत आले, आणि १२ एप्रिल रोजीं पहाटे पहिली गाडी लातुरास पोंचली. तिला १० डबे होते व प्रत्येकांत सुमारे ५० हजार लिटर पाणी होतें. पुढें ५० डब्यांची गाडी येऊं लागली. तिच्या एका खेपेंत सुमारे २५ लाख लिटर पाणी येई.

या गाडीचें कौतुक सर्वत्र झालें. मात्र ज्या रुळांवरून ती आली त्यांचा विचार थोड्यांनींच केला असेल. मिरज ते लातूर हा लोहमार्ग मूळचा बार्शी लाइट रेल्वेचा, अवघ्या अडीच फूट रुंदीचा. दुष्काळापूर्वीं कांहीं वर्षें तो रुंद करण्यांत आला होता. तो तसाच अरुंद राहिला असता, तर कोट्याचे डबे मिरजेपलीकडे एक पाऊलहि सरकते ना. रूळ घालणाऱ्या मजुरांच्या मनांत लातूरची तहान नव्हती. तरी संकटकाळीं लातूरच्या कामीं आलें तें त्यांचेंच काम.

या तिन्ही गोष्टींचें तात्पर्य एकच. संकटांत सेवा चालू राहते ती त्या दिवशींच्या धांवपळीनें नव्हे, तर स्वस्थतेच्या दिवसांत करून ठेवलेल्या कामानें. पाणी विजेवर अवलंबून, वीज दुरुस्तीच्या माणसांवर, आणि तीं माणसें व त्यांचें इंधन रस्त्यावर. या सांखळींतील एक कडी तुटली कीं बाकीच्या मजबूत कड्या निरुपयोगी होतात. म्हणून शहरास पाण्याचा दुसरा झरा हवा, पंपास विजेची दुसरी वाट हवी, आणि दरसाल पावसाळ्यापूर्वीं या दोहोंची प्रत्यक्ष चाचणी हवी. कागदावरील योजनेनें घागर भरत नाहीं.

आणखी एका गोष्टीचा बहुधा विसर पडतो. पंपावरील कामगार, विजेच्या खांबावर चढणारा मनुष्य, दवाखान्यांतील परिचारिका, हीं सर्व त्याच शहराचीं रहिवासी असतात. त्यांचीं घरेंहि त्याच पुरांत असतात. घरीं मुलें छपरावर बसलीं असतां पंपाजवळ उभें राहा, असें कोणास केवळ हुकुमानें सांगतां येत नाहीं. अशांच्या कुटुंबांस प्रथम सुरक्षित स्थळीं पोंचविणें हें उपकाराचें काम नसून पाणीपुरवठ्याचेंच काम आहे.

नागरिकांकडेहि थोडें कर्तव्य उरतें. जुनी विहीर बुजवूं नये, तींत केर टाकूं नये. पुरानंतर पाणी उकळल्यावांचून पिऊं नये. टँकर आला असतां आपली घागर भरण्यापूर्वीं शेजारच्या म्हाताऱ्या माणसाची घागर रांगेंत आहे कीं नाहीं, एवढें पाहावें. पुढचा पूर किंवा दुष्काळ केव्हां येईल तें सांगतां येत नाहीं. पण तो येईल तेव्हां नळ वाहता राहावा, असें वाटत असल्यास त्याची तजवीज आज, नळास पाणी आहे तोंच, केली पाहिजे.