उभ्या गाडीचा ताप



सुट्टीत इंग्लंडला मामाकडे जाऊन आलेल्या एका विद्यार्थ्याने परवा मला वर्गात एक कोडे घातले. मामाकडे एक जुनी, दोन आसनांची, उघड्या टपाची स्पोर्ट्‌स गाडी आहे. जुलैतल्या एका उन्हाच्या दिवशी वीसेक मैल ती सुरेख धावली. चहासाठी थांबले, दहा मिनिटांनी परत येऊन बघतात तो गाडी काही केल्या सुरू होईना. हताश होऊन अर्धा तास बसून राहिले, आणि मग पहिल्याच प्रयत्नात ती चालू झाली! "सर," तो म्हणाला, "उभी राहिल्यावर गाडी निवायची की तापायची?"

मी काही मेकॅनिक नव्हे. पण प्रश्न असा होता, की तास त्यातच संपला.

उत्तर थोडे उलटे आहे. बंद केल्यावर पहिली काही मिनिटे गाडी तापतेच. असे पाहा, इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलपैकी जुन्या गाडीत जेमतेम चौथा हिस्सा चाके फिरवण्याच्या कामी येतो. बाकीची सगळी उष्णता. काही धुराबरोबर सायलेन्सरमधून जाते, काही रेडिएटरच्या पाण्यातून, आणि उरलेली बॉनेटखाली घुटमळते. गाडी धावत असते तोवर समोरचा वारा, पंखा आणि पाण्याचा पंप हे तिघे मिळून ती बाहेर काढतात. किल्ली फिरवली की तिघेही एकदम थांबतात. लोखंड मात्र तितकेच तापलेले असते. चूल विझवली तरी निखाऱ्यांवरचे दूध उतू जातेच ना? तसेच हे.

आणि इथे उतू जाणारी वस्तू आहे पेट्रोल. पाणी १०० अंशांना उकळते, हे आपण शाळेत शिकवतो. पेट्रोल मात्र अनेक द्रव्यांचे मिश्रण. त्यातले हलके भाग ३५-४० अंशांनाच वाफ होऊ लागतात. कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल उकळले, नळीत वाफेचे बुडबुडे झाले, की इंजिनाला हवे तसे इंधन मिळत नाही. अर्ध्या तासाने सारे निवते, बुडबुडे विरतात, आणि गाडी शहाण्यासारखी चालू होते.

या जातीच्या गाड्यांतली फार परिचित गाडी म्हणजे एमजीबी. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडातल्या ॲबिंग्डन गावी अशा पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. तिच्या १७९८ घन सेंटिमीटरच्या इंजिनाची एक गंमत आहे. पेट्रोल-हवेचे मिश्रण आत घेण्याचे आणि जळका धूर बाहेर टाकण्याचे नळ एकाच बाजूला, आणि दोन्ही कार्ब्युरेटर त्या तापलेल्या धुराच्या नळाच्या अगदी वरच्या अंगाला! मध्ये आडवा असतो तो एक साधा पत्रा. दुरुस्तीच्या वेळी अडचण होते म्हणून कित्येकजण तो काढून कोपऱ्यात टाकतात. मामांनीही तेच केले होते. तो पत्रा परत बसवणे, त्याच्या मागेपुढे हवेला बोटभर फट ठेवणे, आणि कार्ब्युरेटरच्या बुडाशी उष्णता न वाहणारे जाड ठोकळे घालणे, हा माझ्या मते पहिला उपाय. त्याआधीही एक काम आहे : ठिणगीची वेळ तपासून घेणे. ठिणगी उशिरा पडत असेल तर पेट्रोल जळत जळतच बाहेर पडते आणि धुराचा नळ अकारण लाल होतो.

एक सावधगिरीची गोष्ट. त्या काळच्या अनेक गाड्यांत उष्णता अडवण्यासाठी ॲस्बेस्टॉस वापरीत. ब्रिटनमध्ये १९९९ साली त्याच्यावर पूर्ण बंदी आली, पण जुन्या गाडीत ते अजून असू शकते. अशा जुन्या पत्र्यावरचे अस्तर कानशीने घासू नये, त्याची धूळ फुंकरीने उडवू नये. तिचे तंतू फुप्फुसात रुततात आणि पुष्कळ वर्षांनी जिवावर बेततात.

धुराच्या नळाला कापडी पट्टी गुंडाळण्याची हौसही फार दिसते. उष्णता कमी होते, खोटे नाही. पण पट्टीखाली ओल धरून नळ गंजतो, आणि तेल झिरपून ती भिजली तर तिलाच पेट घ्यायला वेळ लागत नाही.

आता तुमच्या उसाचा यात काय संबंध, तेही सांगतो. ब्रिटनमधल्या साध्या पेट्रोलमध्ये सप्टेंबर २०२१ पासून दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्याकडे ते प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत गेले आहे. साखर कारखान्याच्या गावात इथेनॉल म्हणजे काय ते मी सांगायला नको! त्याच्या मिश्रणाने पेट्रोलची वाफ अधिक सहज होते आणि जुन्या काळच्या रबरी नळ्या फुगतात, भेगाळतात. भेगेतून एक थेंब जरी तापलेल्या नळावर पडला, तर गाडीचीच होळी व्हायची. म्हणून अशा गाडीच्या पेट्रोलच्या नळ्या, त्या दिसायला कितीही धडधाकट असोत, नव्या जातीच्या बसवाव्यात आणि उष्णतेपासून दूर न्याव्यात.

उरला प्रश्न गरम हवा बाहेर काढण्याचा. मामांनी वॉशर घालून बॉनेटची मागची कड अंगठाभर उचलली होती. युक्ती लोकप्रिय आहे, पण उपयोगी पडते ती गाडी उभी असतानाच. गाडी वेगात असली की पुढच्या काचेच्या पायथ्याशी वारा अडून दाब वाढतो, आणि त्या फटीतून हवा बाहेर येण्याऐवजी आत घुसू पाहते! १९६१ साली जीनिव्हाच्या प्रदर्शनात आलेल्या जॅग्वार ई-टाइपच्या बॉनेटवर तिरप्या फटींच्या रांगा आहेत. हवा बाहेर पडायची ती अशा फटींतून, काचेपासून लांब, जिथे दाब कमी असतो तिथून. एमजीने १९९२ साली आरव्ही८ ही गाडी काढली, तेव्हा धुराचे नळच चाकांच्या बाजूने बाहेर काढले.

विद्यार्थ्याने हे सारे मामांना कळवले. पत्रा परत बसला, वॉशर निघाले. आता थांबले की ते बॉनेट सरळ उघडे ठेवतात, पैशाचाही खर्च नाही. तापलेल्या रेडिएटरच्या झाकणाला मात्र हात लावू नका, अगदी जीपचे असले तरी. दहा पौंडांच्या झाकणाखाली पाणी सुमारे ११५ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण सैल केले की दाब उतरतो आणि ते एकदम वाफ होऊन तोंडावर उसळते. अर्धा तास थांबा, वरून जाड फडके धरा, आणि मगच हळूहळू फिरवा.