माळावरची भागीदारी



पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागलात की यवत, चौफुला, पाटस इथवर ऊस तुमची सोबत करतो. पुढं जमीन हळूहळू चढते, मुरूम उघडा पडतो आणि दोन्ही अंगांना नुसता माळ दिसायला लागतो. एखादं हिवराचं झाड, तरवडाची झुडपं आणि बाकी सगळं गवत. बहुतेक प्रवासी इथं डोळे मिटून घेतात. बघण्यासारखं काही नाही, अशी सगळ्यांची खात्री असते. आज मी बोलणार आहे ते याच माळाबद्दल. बारामती, इंदापूर, दौंड, फलटण, माण, कर्जत आणि पुढं सोलापूरपर्यंत पसरलेला हा माळ कुणाच्या कष्टाची जागा आहे, आणि तिथं कोण कोण एकमेकांच्या जिवावर जगतं, एवढंच आज सांगायचं आहे.

आधी जमिनीचं सांगतो. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेच ढग घाट उतरून पूर्वेला येईपर्यंत रिते होतात. इंदापूर-बारामतीच्या वाट्याला येतो तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातलाही बराचसा परतीचा. माती वीतभर, खाली मुरूम आणि त्याच्याखाली काळा पाषाण. अशा जागी मोठ्या झाडाची मुळं जाणार कुठं? तिथं गवतच टिकतं. मारवेल, पवन्या, शेडा, डोंगरी ही त्यांतली गुणी गवतं, आणि सगळ्यांत खोडकर म्हणजे कुसळी.

कुसळीचं एक बी तळहातावर घेऊन बघावं. एका टोकाला सुईसारखं अणकुचीदार, त्यावर मागं वळलेले बारीक केस, आणि दुसऱ्या टोकाला पीळ घातलेली लांब शेपटी. ओल लागली की शेपटीचा पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो. या उलटसुलट फिरण्यानं बी जमिनीत घुसत जातं, आणि मागं वळलेले केस त्याला परत बाहेर येऊ देत नाहीत. पेरायला माणूस नको, तिफण नको. पण हेच बी मेंढराच्या लोकरीत शिरलं की कातडीपर्यंत पोचतं. म्हणून कुसळी कोवळी असताना चारायची आणि कुसळं धरली की मेंढरं तिच्यातून वळवायची, हे मेंढक्याच्या पोराला शाळेच्या आधी कळतं.

आता या माळाचा खरा वहिवाटदार, धनगर. याचं वर्ष आपल्या कॅलेंडरवर चालत नाही, पावसावर चालतं. पावसाळ्यात तो घरच्या माळावर असतो, कारण तेव्हाच इथं चारा असतो. दसरा-दिवाळी झाली, गवत वाळायला लागलं, की बिऱ्हाडं घोड्यांवर लादली जातात आणि बरेच वाडे घाट उतरून कोकणाकडं निघतात. वाडा म्हणजे एकत्र चालणारी काही कुटुंबं आणि त्यांचे कळप. कोकणात तोवर भात कापून झालेला असतो, खाचरं मोकळी असतात. वळवाची चाहूल लागली की वाडे परत फिरतात. कोकणातल्या पावसात मेंढराचे खूर सडतात, तिथं राहून चालत नाही.

चालत्या वाड्याची कामं ठरलेली असतात. पुरुष कळप घेऊन पुढं रानात जातो. बिऱ्हाड हलवणं, घोड्या लादणं, नवी जागा गाठून चूल मांडणं, पाणी आणणं, हे सगळं बाईकडं. घोडीच्या पाठीवर अंथरुणं, भांडी, त्यावर कोंबड्या आणि कधी त्यावर लहान मूल. चार दिवसांचं कोकरू आईमागं दहा मैल चालू शकत नाही, म्हणून ते मुक्कामावर डालग्याखाली राहतं. संध्याकाळी कळप परतला की दीड-दोनशे मेंढ्या एकदम ओरडायला लागतात आणि डालग्याखालून कोकरं उत्तर देतात. त्या गोंगाटात प्रत्येक कोकरू आपल्या आईपाशी पोचतं. ज्याचं चुकतं, त्याला धनगरीण उचलून बरोबर त्याच्या आईखाली लावते. कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं, हे तिला तोंडपाठ असतं.

रात्री मेंढरं वाघरीत जातात. वाघर म्हणजे खुंट्यांना ताणलेली दोरीची जाळी. ती माळावर लागते, तशीच शेतातही लागते, आणि शेतात लागते तेव्हा तिथं एक व्यवहार झालेला असतो. पीक निघालं की शेतकरी बांधावर येतो आणि विचारतो, “मामा, किती राती बसवताय?” मग बोलणी होतात. कळप केवढा, रान केवढं, दाणे किती, रोख किती. रात्रभर मेंढरं बसली की लेंड्या आणि मूत शेतात पडतं आणि खुरांनी तुडवून मातीत जातं. दुसऱ्या रात्री वाघर थोडी पुढं सरकते. असं करत करत सगळं शेत खतावलं जातं. गाडी नको, मजूर नको. ज्या माळाला आपण नापीक म्हणतो, त्याचं गवत मेंढीच्या पोटातून असं शेतकऱ्याच्या रानात येतं आणि पुढच्या हंगामात ज्वारीच्या कणसात दिसतं.

ही झाली माणसांची भागीदारी. पाखरांचीही आहे. कळप चालायला लागला की गवतातले नाकतोडे उडतात, आणि ते टिपायला काळा कोतवाल मेंढीच्या पाठीवरच बसून येतो. गायबगळे पायांत घुटमळतात. हिवाळ्यात मध्य आशियातून, पार कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातून, भोवत्या नावाचे शिकारी पक्षी या माळांवर येतात. तेही नाकतोड्यांवर ताव मारतात आणि रात्री झाडावर न जाता गवतातच उतरून झोपतात. त्यांना झाड नको असतं, गवत हवं असतं. धाविक, डोंबारी चंडोल, पखुर्डी यांचंही तेच. यांची घरटी जमिनीवर. उन्हाळ्यात पखुर्डीचा नर पाणवठ्यावर जाऊन पोटाची पिसं पाण्यात भिजवतो आणि कित्येक मैल उडत येऊन पिल्लांना त्या पिसांतून पाणी पाजतो.

टिटवीचं घरटं तर बघणाऱ्याला दिसतच नाही. जमिनीत उथळसा खळगा, त्यात मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची अंडी. भोवती बारीक खडे, आणि पुष्कळदा शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्याच रचलेल्या. मेंढरू माळावरून गेलं, त्याच्या लेंड्या टिटवीनं घराच्या कडेला लावल्या. रात्री अंधारात काही हललं की हीच टिटवी पहिली ओरडते आणि वाड्यावरची कुत्री उठून उभी राहतात.

अंधारात हलणारं ते ‘काही’ पुष्कळदा लांडगा असतो.

श्रोतेहो, लांडग्याचं नाव निघालं की आपल्याला घनदाट जंगल आठवतं. आपला लांडगा जंगलातला नाही, तो या उघड्या माळाचा. अंगानं सडपातळ, मातकट, वाळल्या गवतात बसला तर समोरून दिसणार नाही. सगळ्या देशात मिळून दोन-तीन हजारच उरले असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात त्याला पहिल्या परिशिष्टात जागा आहे, म्हणजे कायद्याचं संरक्षण वाघाइतकंच. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात सतीश कुमार आणि असद रहमानी या संशोधकांनी लांडग्यांचा अभ्यास केला. त्यांच्या खाण्यात काळवीट सापडलं, तशा शेळ्यामेंढ्याही सापडल्या. म्हणजे धनगराचं नुकसान होतं हे खरंच आहे, त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही.

मेंढके लांडग्याच्या युक्त्या सांगतात. एक लांडगा मुद्दाम लांबवर दिसत राहतो, कुत्री आणि माणसं तिकडं धावतात, आणि दुसरा मागच्या बाजूनं कोकरू उचलतो. गेलेल्या कोकराचं दुःख असतं, शिव्याही दिल्या जातात. पण लांडगा माळाचाच आहे, त्याचा वाटा जाणारच, असं मानणारे मेंढके आजही भेटतात. त्यांचा इलाजही जुनाच आहे: वाघर पक्की लावायची, कुत्री चांगली ठेवायची आणि वाघरीच्या कडेनं माणसांनी अंथरुणं टाकायची. लांडगा संपवायचा हा विचार त्यात नव्हता. म्हणून तर या भागात लांडगा माणसांच्या इतक्या जवळ राहून आजवर टिकला.

मग आता बिघडलं काय? पहिली गोष्ट म्हणजे कुत्री. धनगराची नव्हेत, मोकाट. पूर्वी मेलेलं जनावर माळावर टाकलं की गिधाडं काही तासांत त्याचा फडशा पाडत. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधानं गिधाडांचा नायनाट झाला. २००६ साली ते औषध जनावरांसाठी बंद झालं, पण तोवर माळ सुने झाले होते. मेलेली जनावरं राहिली, त्यांत पोल्ट्र्यांमधल्या मेलेल्या कोंबड्यांची भर पडली, आणि त्यावर कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या गेल्या. त्या चिंकाऱ्याची पाडसं मारतात, जमिनीवरची अंडी खातात, आणि डिस्टेंपरसारखा रोग लांडग्यांपर्यंत नेतात. पुणे जिल्ह्यातल्या लांडग्यांत कुत्र्याचा संकर झाल्याचंही जनुकीय तपासणीतून पुढं आलं आहे. लांडगा गोळीनं मेला नाही, तरी संकरानं तो लांडगा म्हणून संपू शकतो.

दुसरी गोष्ट लोकरीची. आपली दख्खनी मेंढी काटक. ऊन सोसते, मैलोन्‌मैल चालते, तिची लोकर काळी आणि राठ. त्या लोकरीचं सूत काढून सनगरांनी घोंगडी विणायची, चिंचोक्याची खळ लावायची, आणि ती घोंगडी पावसात, थंडीत, अंथरायला-पांघरायला पिढ्यान्‌पिढ्या पुरवायची. आज या लोकरीला भावच नाही. कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीहून जास्त पडते आणि कातरलेली लोकर कित्येकदा रानात टाकून दिली जाते. पैसा उरला तो मटणात. म्हणून जत तालुक्यातली उंच, अंगानं भरणारी माडग्याळ मेंढी लोक पसंत करू लागले. त्यात मेंढपाळाची चूक नाही. पण चालून-चालून घडलेली एक जात आपण निव्वळ गिऱ्हाईक नाही म्हणून घालवतो आहोत.

तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी, आणि ती आपण चांगल्या हेतूनं करतो. माळ उघडा दिसला की आपल्याला राहवत नाही. जेसीबी लावून चर खणायचे, गिरिपुष्प किंवा असलंच काहीतरी ओळीत लावायचं, फोटो काढायचे. वीतभर मातीत ती झाडं जेमतेम जगतात, पण चरांमुळं गवताचं मूळ उखडतं. त्या चरांमध्ये धाविकाला पळता येत नाही, मेंढराला चरता येत नाही, लांडग्याची दर ढासळते. चांगलं गवत आपला कार्बन जमिनीखाली मुळांत साठवतं. तो डोळ्यांना दिसत नाही म्हणून आपण मोजत नाही. गवत गेलं की काय होतं बघा: नान्नजचा माळढोक पक्षी आपण जवळजवळ गमावला आहे. १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं. कागदावर ते आजही आहे, पण त्याच्या गवताळ रानाचे तुकडे होत गेले आणि पक्षी दिसेनासा झाला.

याचा अर्थ माळाला हात लावू नये असा नाही. बारमाही, बेसुमार चराईनंही माळ बोडका होतो. त्यावर जुना उपाय आहे: कुरण राखणं. पावसाळ्यात काही भाग बंद ठेवायचा, गवताला बी धरू द्यायचं, मग कापायचं किंवा चारायचं, आणि दर वर्षी राखलेला भाग बदलायचा. आणि राखलेला माळ कमाईही देतो. पुणे जिल्ह्यातल्या कडबनवाडी आणि शिर्सुफळ इथं वन विभागानं २०२४ साली गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. चिंकारा, लांडगा बघायला शहरातून लोक पैसे देऊन येतात, त्यातून गावातल्या तरुणांना वाटाडे म्हणून काम मिळतं. कालपर्यंत ज्या माळाला कुणी विचारत नव्हतं, तो आज असाच राहून गावाला चार पैसे देऊ लागला आहे.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ जमिनी आणि पशुपालक यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. त्यानिमित्त व्यासपीठावर भाषणं होतील, फलक लागतील. आपल्याला त्याहून साध्या गोष्टी करता येतील. ग्रामसभेत वृक्षारोपणाचा ठराव आला तर जागा कुठली, हे आधी विचारा. गावठाण, ओढ्याचा काठ, शाळेचं आवार इथं झाडं लावा, माळ गवताला सोडा. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या उघड्यावर न टाकता खड्ड्यात पुरा. गावातल्या कुत्र्यांचं लसीकरण करून घ्या. लांडग्यानं मेंढरू मारलं तर शासनाकडून भरपाई मिळते, पण तिच्यासाठी वेळेत कळवावं लागतं आणि पंचनामा व्हावा लागतो. परगावच्या रानात उतरलेल्या मेंढपाळाला कार्यालय कुठं, अर्ज कसा, हे ठाऊक नसतं. ते त्याला सांगा, जमलं तर सोबत जा. आणि रात्री रस्त्यानं कळप चालला असेल तर गाडीचा हॉर्न दाबू नका, दिवे खाली करा आणि मेंढरं पलीकडं जाईपर्यंत दोन मिनिटं थांबा.