टिळकांना जामीन देणारे न्यायमूर्ती



मी सातवी शिकलेली. बोलण्यात चुकले तर पोटात घाला.

आपल्या रायगडावरील महाराजांच्या समाधीसाठी टिळकांनी १८९५ पासून लोक जागे केले. १८९७ साली शिवाजी-उत्सवासंबंधी 'केसरी'त आलेल्या मजकुरावरून त्यांना राजद्रोहाखाली पकडले. आधी जामीन मिळेना. मग अर्ज गेला न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींपुढे. हे पूर्वी मुंबईच्या कायदेमंडळात बसलेले, १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष, आणि १८९५ पासून हायकोर्टाचे न्यायाधीश. सरकारचा पगार घेणारा माणूस सरकारला दुखवील का, असे कुणालाही वाटावे. त्यांनी पाहिले ते एवढेच, की आरोपी खटल्याला हजर राहील ना? आणि निर्दोष ठरला, तर भोगलेला तुरुंग त्याला कोण परत देणार? जामीन दिला. पुढे दीड वर्षाची शिक्षा झालीच, पण ती दुसऱ्या न्यायाधीशांपुढे.

त्या काळात त्यांनी आपल्या मुलींना शाळेत घातले, घरातला पडदाही सोडला. माझी शाळा धाकटी भावंडे सांभाळायला सुटली. म्हणून हे वाचताना मी जामिनापेक्षा इथेच अधिक वेळ थांबले.

१९०६ साली ते लंडनला वारले.