रानमेवा कुणाचा?



उन्हाळ्यात जावळी, पाटण, शिराळ्याच्या डोंगरात बाया पहाटेच करवंदीच्या जाळीत शिरतात. काटे ओरबाडतात, चिकानं बोटं चिकटतात. दुपारी पानांचे द्रोण भरून करवंदं, तोरणं, जांभळं विकायला त्या रस्त्यावर बसतात. शिवाय हिरडा वेचायचा, वाळवायचा. आपण याला कौतुकानं रानमेवा म्हणतो, पण त्या शब्दात बाईचे कष्ट दिसत नाहीत.

१९८५ मध्ये कोयना आणि चांदोली अभयारण्यं झाली, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सासूची रोजची वाट सुनेसाठी गुन्ह्याची ठरू लागली.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा मालकी हक्क मान्य केला. अभयारण्यातही हा कायदा लागू आहे. बिगर-आदिवासींना मात्र १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. एका पुराव्यावर भागत नाही. पण दावेदार नसलेल्या वृद्धांचा लेखी जबाबही पुरावा धरला जातो. कुठल्या टेपावर काय पिकतं, ते कुणी वेचलं, हे म्हाताऱ्या बायांइतकं कोण सांगणार?

वनहक्क समितीत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. दाव्यांच्या ग्रामसभेत हजर असलेल्यांतही तेवढ्या हव्यात. हे नुसतं सह्या-अंगठ्यांपुरतं राहू देऊ नका. आपल्या गटानं आजीबायांचे जबाब लिहून घ्यावेत, ग्रामसभेत मोठ्यानं वाचावेत. जी वेचते तिचं नाव आधी कागदावर येऊ द्या.