पचनमार्गाचे चार थर



पचनमार्गाची भिंत चार थरांची असते : श्लेष्मल आवरण, त्याखालील संयोजी थर, स्नायू आणि बाह्य आवरण. मोठ्या आतड्याचा कर्करोग पहिल्या थरातच असेल, तर तो सहसा अन्यत्र पसरत नाही. दुर्बिणीद्वारे गाठ काढून रुग्ण बरा होऊ शकतो. दुसऱ्या थरातील रक्तवाहिन्या व लसीकावाहिन्या गाठल्यास मात्र तो पसरू शकतो. ही सीमा सूक्ष्मदर्शकाखालीच निश्चित होते. त्यासाठी काढलेली गाठ फॉर्मॅलिनमध्ये ठेवून, मेणात बसवून, ४ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप रंगवावे लागतात. म्हणूनच अहवालाला काही दिवस लागतात. ही प्रतीक्षा कठीण असते, हे आम्ही जाणतो. परंतु पुढील शस्त्रक्रिया हवी की नको, हे त्या अहवालावरच ठरते.